औषध घेतलंस का?

शाळेतला पीटी मास्तर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गणिताचे सर रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर ज्याला पिटाळतात तो पीटी मास्तर. झेंड्याची दोरी ऐनवेळी अडकली की सगळी शाळा ज्याच्या तोंडाकडे बघते तो पीटी मास्तर. आणि निवृत्तीच्या समारंभात काय बोलावं ते सुचत नाही म्हणून ज्याला एकामागून एक सगळे 'शिस्तप्रिय' म्हणतात, तोही पीटी मास्तरच. खामगावच्या एका शाळेत मी ही नोकरी जन्मभर केली, आणि खोटं कशाला सांगू, मला ती आवडली.

शाळेच्या जोडीला आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं. जिल्ह्याचे संघ बाहेरगावच्या स्पर्धांना न्यायचे. कागदावर मी 'व्यवस्थापक' असायचो. प्रत्यक्षात एक लोखंडी ट्रंक आणि तिच्याभोवती बसलेली पोरं सांभाळायची. ट्रंकेत आयोडीन, कापूस, सुईदोरा, जादा नाड्या, लिंबं आणि शिट्टी. खामगावहून छोट्या गाडीनं जलंबला यायचं आणि मोठी गाडी येईपर्यंत फलाटावर पोरांच्या मुंड्या मोजत बसायचं. जिंकायचं काम त्यांचं. त्यांना उपाशी, आजारी किंवा हरवलेलं राहू न देण्याचं काम माझं.

संपादकांनी कळवलं आहे की नोकरीतल्या गमतीजमती लिहा. तेव्हा एक गंमत आधी लिहून टाकतो. कबड्डीच्या कुमार गटात वजनाची मर्यादा असते. जानेफळचा एक पोट्टा काट्यावर उभा राहिला आणि काटा जरासा पुढे गेला. त्याला पळवलं, घाम काढला, डोक्याचे केस उतरवले, तरी काटा ऐकेना. शेवटी माझं लक्ष त्याच्या कमरेच्या चांदीच्या करदोड्याकडे गेलं. आजानं घडवून दिलेला, चांगला जाडजूड. म्हटलं, काढ. पोरगं रडायलाच लागलं. आमच्याकडे पुरुषाचा करदोडा निघतो तो तिरडीवर. मी दरडावून काढायला लावला, वजन बसलं, सामना जिंकलो. परत आल्यावर त्याचा बाप शाळेत आला आणि म्हणाला, "सर, पोट्टं जितं असताना करदोडा काढला तुमी? माह्या घरी दोन दिवस चूल नाही पेटली." मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो. आता हसू येतं.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मी लिहायला बसलो की त्या सगळ्यांना बाजूला सारून वासुदेव पुढे येऊन उभा राहतो. त्याचं सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

वासुदेव मला सापडला तो एसटीमुळे. मी संग्रामपूरकडच्या एका शाळेत पंच म्हणून गेलो होतो आणि शेगावच्या गाडीनं परतत होतो. गाडी सुटली तेव्हा एक सडसडीत तरुण संग्रामपूरच्या स्टँडवर आला आणि त्याची गाडी चुकली. आम्ही खिडकीतून त्याला पाहिलं आणि विसरलो. रस्ता तिथून मोठं वळण घेतो. वळण संपून पुढच्या फाट्याला गाडी थांबली, तर हाच तरुण तिथे उभा! पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांतून आडवा धावत आला होता. पायांत काही नाही, आणि धापही लागलेली नाही. वर चढून कंडक्टरला म्हणतो, "तिकीट इथूनच द्या जी. इथलोक मी पायीच आलो." सगळी गाडी हसली. मी नाही हसलो. मी जागेवरून उठलो, त्याला माझ्याशेजारी बसवलं आणि नाव विचारलं.

त्याचं घर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात. बेताचीच शेती, घरात माय आणि थोरला भाऊ नामदेव. बाप लहानपणीच गेला होता, म्हणून वासुदेवला नामदेवनंच वाढवलेलं. मी त्याला दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे गोल गोल पळायचं? कुठंच नाही जायचं?" मी म्हटलं, कुठंच नाही. त्याला त्याची फार गंमत वाटली. पण धावायला लागला तेव्हा जिल्ह्यात त्याच्या जवळपास कोणी उरलं नाही, आणि पुढच्या वर्षी विभागातही नाही.

महाराष्ट्र होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या वऱ्हाडाचा कारभार आधी नागपूरला, मग मुंबईला. जुनी माणसं अजूनही 'तिकडे महाराष्ट्रात' असंच म्हणायची. पुण्याच्या राज्य स्पर्धेत वासुदेव पहिल्या तिघांत आला तर त्याला राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा बनियन मिळणार होता. मी त्याच्या घरी हे सांगितलं तेव्हा त्याच्या मायनं विचारलं, "काय लिवलेलं रायते त्याच्यावर?" मी म्हटलं, छातीवर मोठ्या अक्षरांत 'महाराष्ट्र'. त्या माउलीनं स्वतःच्या छातीवरून हात फिरवून पाहिला.

आता खुराकीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्याकडे गावातला पोरगा पहेलवानीला किंवा खेळायला निघाला की गाव त्याला खुराक देतं. एका घरून तूप, एका घरून शेंगदाणे, कोणी गूळ, कोणी नुसताच रोज एक पेला दूध. अंगात ताकद यावी म्हणून जे पोटात जातं ते सगळं खुराक. वासुदेवला गावानं असं भरभरून दिलं. नामदेवनं तर पुढे जाऊन खामगावच्या बाजारातून पुष्टीचूर्णाचा एक डबा आणला. डब्यावर वाघाचं चित्र. आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं असावं असं कोणाच्या डोक्यातही येत नव्हतं. पुण्याच्या धर्मशाळेत वासुदेव रोज सकाळी सगळ्यांदेखत चमचाभर चूर्ण दुधात घालून प्यायचा. मी विचारलं, तेव्हा अभिमानानं म्हणाला, "भावानं देलेली खुराक हाये जी."

शर्यतीत तो दुसरा आला. शेवटच्या फेरीत त्यानं पुण्या-मुंबईच्या बूटवाल्यांना एकेक करून मागे टाकलं तेव्हा मी कुंपणाच्या बाहेर लहान मुलासारखा उड्या मारत होतो. बनियनचं माप घेतलं गेलं. त्या वर्षापासून उत्तेजक द्रव्यांची तपासणी सुरू झाली होती, म्हणून पहिल्या तिघांना डॉक्टरांच्या खोलीत नेऊन बाटलीत लघवी घेतली. व्यवस्थापकांना आत मज्जाव होता. वासुदेव बाहेर आला तो घाम पुसत.

"सर, हे पुण्याचे डॉक्टर कसे हाएत हो? मले पुसते, औषध घेतलंस का म्हणून! मी काऊन घेऊ औषध? माय हाये माही घरी. मी पयल्या तिघांत आलो, अन् हा मले मरायची गोष्ट पुसून राह्यला."

मी पोट धरून हसलो. बाहेरच्या वाचकांना यातली गंमत कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या खेड्यांत ताप आला की माणूस दवाई घेतो. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं विष. 'अमक्यानं औषध घेतलं' असं कोणी म्हटलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, चपला घालून त्या घरी निघतो. डॉक्टरसाहेब विचारत होते एक आणि पोराला ऐकू येत होतं दुसरंच. "मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं. "नाही म्हनलं. हात जोडून म्हनलं, नाही जी, कधीच नाही." आम्ही दोघंही हसत हसत भेळ खायला गेलो. ते हसणं मला आजही आठवतं.

काही आठवड्यांनी शाळेच्या पत्त्यावर पुण्याहून चौकशीला बोलावणारं पत्र आलं. लघवीत कुचला सापडला होता. कुचला म्हणजे काजऱ्याच्या झाडाचं बी. जात्याच जहाल विष. जाणते वैद्य ते शुद्ध करून मोजूनमापून देतात आणि त्यानं अंगात तरतरी येते. न जाणणारे कसंही देतात. म्हणजे पुण्याच्या अर्थानं पाहा की आमच्या गावच्या अर्थानं पाहा, वासुदेवनं औषध घेतलेलंच होतं, आणि दोन्ही अर्थांनी त्याला त्याचा पत्ता नव्हता.

नामदेवला घेऊन मी खामगावच्या बाजारात गेलो. चूर्णवाला आपल्या जागेवर डब्यांची रास मांडून बसला होता. नामदेवला त्यानं लगेच ओळखलं. "काय भाऊ, संपला का डबा?" मी त्याला बाजूला घेऊन कुचल्याचं विचारलं. तो जराही गडबडला नाही.

"गुरुजी, निसती अश्वगंधा अन् साखर बांधून देली, त गिऱ्हाईक पुढच्या बजारी डबा वापस घेऊन येते. म्हनते, काहीच नाही झालं. अंगात काई त झालं पायजे ना! म्हून चिमटीभर टाकतो."

"पुण्याला येऊन हेच सांगाल का? एका पोराचा जन्म वाचेल."

"मी कायले येऊ? तुमी मले पकडून द्याले आले का?" त्यानं डबे गोळा करायला सुरुवात केली. नामदेव त्याच्या अंगावर धावला. मी मध्ये पडलो नसतो तर तिथे खून पडला असता. पुढच्या बाजारी त्याची जागा रिकामी होती. तिथे आता एक बाई लसूण विकत होती.

चौकशीला वासुदेव आणि मी दोघेच गेलो. समितीचे अध्यक्ष वयस्कर, सौम्य गृहस्थ होते. वाईट माणूस म्हणून मला त्यांच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला, माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चूर्णाची भानगड त्यांना पटली. "खेड्यातली मुलं, त्यांना काय कळणार," असं म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "पण गुरुजी, याला विचारलं होतं. औषध घेतलंस का, असं स्पष्ट विचारलं होतं. हा नाही म्हणाला."

तपासणीचे डॉक्टर शेजारीच होते. ते म्हणाले, "प्रश्न ऐकल्याबरोबर हा पांढराफटक पडला. हात जोडायला लागला. मला तेव्हाच संशय आला होता."

मी उभा राहिलो आणि शब्द समजावून सांगितला. दवाई म्हणजे काय, खुराक म्हणजे काय, आणि औषध म्हणजे काय. तो घाबरला तो चोरी उघडी पडली म्हणून नव्हे, भर आनंदाच्या दिवशी कोणी त्याला जीव द्यायचं विचारलं म्हणून. अध्यक्षांनी वासुदेवला विचारलं, "खरं आहे का हे?"

"खरं हाये जी. मले वाटलं, डॉक्टरसाहेब पुसून राह्यले का हा मरायले निंगाला का म्हून."

एक सभासद हसले. दुष्टपणानं नव्हे, बोलण्याची ढब ऐकून हसले. पण वासुदेवनं ते पाहिलं.

अध्यक्ष मला म्हणाले, "गुरुजी, मला व्यक्तिशः तुमचं पटतंय. पण आज हे मान्य केलं, तर उद्या प्रत्येक जण आपापल्या गावचा शब्द घेऊन इथे येईल. मग आम्ही प्रश्न तरी कोणत्या भाषेत विचारायचा? आम्ही मराठीतच विचारला होता."

वासुदेवही मराठीतच बोलला होता, एवढंच मला माहीत आहे.

निकाल असा लागला: चूर्ण अजाणता घेतलं, त्याबद्दल दोन वर्षांची बंदी. विचारलं असता खोटं सांगितलं, त्याबद्दल कायमची. दोन वर्षं त्यानं काढली असती. दोन वर्षांनी तो पुन्हा धावला असता आणि त्यानं तो बनियन घातला असता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्याला चूर्णानं नाही मारलं. एका शब्दानं मारलं. मी आणखी एक दिवस थांबून पुन्हा अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी दारापर्यंत येऊन नमस्कार केला आणि आत या म्हटलं नाही.

त्या जादा दिवसात बातमी आमच्या पुढे गेली. शेगावला वर्तमानपत्रात छापून आलं होतं की औषध घेतल्यामुळे वासुदेव स्पर्धेतून बाद. एसटीच्या ड्रायव्हरनं ते वाचलं आणि गावात गाडी थांबवल्यावर पारावरच्या लोकांना भल्या मनानं सांगितलं, "तुमच्या वासुदेवनं औषध घेतलं हो, पुण्याले." पुढचं वाक्य कोणी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच गाडीनं उतरलो. वासुदेवच्या घराकडून बायांचं रडणं ऐकू येत होतं. ऐकून कळत होतं की हे मयताचं रडणं आहे. "माय गेली," असं म्हणून त्यानं हातातली पिशवी टाकली आणि तो धावला. मी त्याला धावताना पाहिलं ते हे शेवटचं. मी मागून पोचलो तेव्हा तो अंगणात उभा होता आणि अंगणभर बसलेली माणसं त्याच्याकडे बघत होती. ते त्यालाच रडत होते.

माय उठली. आधी तिनं त्याच्या मुस्काटात मारली, मग त्याला असा घट्ट धरला की सोडवणं कठीण झालं. "औषध नाही ना घेतलं रे बाप्पा?"

"नाही माय."

"मंग पेपरात काऊन लिवलं?"

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. बंदीचं सांगितलं. कायमची, हेही सांगितलं. माय मोकळेपणानं हसली. "एवढंच ना? नाही पळला त नाही पळला! जिता हाये ना माहा लेक." तिनं घरातून गुळाची ढेप आणली आणि रडायला आलेल्यांना गूळ वाटला. घटकाभरात अंगणात लग्नघरासारखी गडबड झाली. प्रत्येक जण वासुदेवच्या पाठीवर हात फिरवून म्हणत होता, जीव वाचला, भरून पावलं. त्याच्या धावण्याचं दुःख करायला त्या घरात कोणाला जागाच उरली नाही. गुळाचा खडा हातात धरून तो माझ्याकडे पाहत होता. मी मान खाली घातली.

गाव वाईट नव्हतं. पण गावाला चेष्टेसाठी एक शब्द मिळाला. कोणी जोरात पळताना दिसलं की पारावरून आवाज यायचा, "औषध घेतलं का बे?" पोरं शिवणापाणी खेळताना तेच म्हणायची. शेजारच्या गावांत गेलं, मग बाजारांत गेलं. मी वासुदेवला दोन-तीनदा बोलावलं. पोरांना शिकव म्हटलं, गावच्या जत्रेत तरी धाव म्हटलं, तिथे कोणाची बंदी? तो ऐकून घ्यायचा. बैल दावं तोडून सुटला तरी तो त्याच्यामागे चालत जातो, असं नामदेव मला एकदा रडत रडत सांगत होता.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात संग्रामपूरच्या स्टँडवर वासुदेवची गाठ पडली. केस पिकले होते, चाल तीच होती, लांब लांब टांगांची. दोघांनाही शेगावला जायचं होतं. टपरीवर चहा घेतला. थोरली पोरगी सासरी गेली, माय गेली, सगळं त्यानं सांगितलं. तेवढ्यात गाडी सुरू झाली. माणसं धावली. वासुदेवनं कप विसळून ठेवला आणि चालायला लागला.

"अरे, सुटली ती! पळ की!"

"दुसरी येईन जी."

मला काय झालं कोण जाणे. दुखऱ्या गुडघ्यांनी मी धावलो, आरडाओरडा केला, गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. गाडी थांबली. मी दांडी धरून वर चढलो. मागून चालत येऊन वासुदेवनंही दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. दारातला कंडक्टर कोवळा पोरगा होता. कौतुकानं माझा हात धरून म्हणाला, "काय पळता हो आजोबा! औषध घेतलं का काय?"

गाडीतली सगळी माणसं हसली. त्यांतल्या कोणालाही तो शब्द कुठून आला ते माहीत नव्हतं. मी वळून पाहिलं. वासुदेवनं पायरीवरचा पाय खाली घेतला होता.

"तुमी व्हा पुढं, सर," तो म्हणाला.

घंटी वाजली. गाडीनं ते मोठं वळण घेतलं आणि पुढच्या फाट्याला थांबली. मी खिडकीतून पऱ्हाटीच्या शेतांकडे पाहत राहिलो. कंडक्टरनं दोनदा विचारलं, कोणी येणार आहे का? मी म्हटलं, जरा थांबा. त्यानं थांबवली तितकी थांबवली आणि मग घंटी दिली. शेतातून कोणी आलं नाही.